भाजावळ आणि आमचें वाङ्मय

मराठी वाङ्मयांत शेतकरी पुष्कळ आहे; शेत त्या मानानें थोडें आहे; आणि शेत पेरणीलायक होण्यापूर्वीं त्यावर जें काम होतें तें तर जवळजवळ नाहींच. कथा-कादंबऱ्यांतून बी पडतें, पाऊस येतो अथवा येत नाहीं, पीक डोलतें अथवा करपतें, सावकार दारांत उभा राहतो. बी पडण्यापूर्वीं चार महिने कोणी काय केलें, हा प्रश्न आमच्या लेखकांस क्वचितच पडतो. हा नुसता तपशिलाचा दोष असता तर त्याकडे काणाडोळा करतां आला असता. परंतु ज्या प्रांतांत शेतजमीन आयती मिळत नाहीं, ती दरसाल नव्यानें करावी लागते, त्या प्रांताचें चित्र काढतांना हा भाग वगळला म्हणजे माणसांचेंहि चित्र चुकतें, असें आम्हांस वाटतें. आमचें म्हणणें स्पष्ट व्हावें म्हणून कोकणांतील एकच गांव डोळ्यांपुढें ठेवूं.

वासिष्ठी नदी समुद्रास मिळते त्या मुखाच्या दक्षिण तीरावर, दाभोळच्या समोर, अंजनवेल वसलें आहे. गोपाळगडामुळें इतिहासाच्या वाचकांस आणि विजेच्या कारखान्यामुळें वृत्तपत्रांच्या वाचकांस हें नांव परिचित असेल. खालीं माडांची बागाईत, माथ्यावर जांभ्या दगडाचा सडा, आणि या दोहोंच्या मध्यें उतारावर व घळींत बांध घालून अडविलेलीं भाताचीं खाचरें, अशी रत्नागिरी जिल्ह्याच्या या किनारपट्टीची ठेवण आहे. जांभा म्हणजे पावसानें धुऊन काढलेल्या खडकाचा सांगाडा होय. चुना, पोटॅश, सिलिका हीं द्रव्यें युगानुयुगांच्या पर्जन्यानें वाहून नेलीं. लोखंड व ॲल्युमिनियम यांचीं ऑक्साइडें तेवढीं मागें राहिलीं. वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, आणि तोहि बहुतेक चार महिन्यांत! अशा ठिकाणची माती आंबट असते; तिच्यांत स्फुरद घातला तरी लोखंड व ॲल्युमिनियम तो धरून बसतात, पिकास सुखासुखीं देत नाहींत. देशावरच्या काळ्या जमिनीप्रमाणें नांगर घातला, कुळव फिरविला, कीं काम झालें, असा येथें प्रकार नाहीं. येथें मातीला आधीं कांहीं द्यावें लागतें, मग तिच्याकडे मागतां येतें.

हें देणें पिढ्यान् पिढ्या भाजावळीच्या रूपानें होत आलें, आणि कमी प्रमाणांत कां होईना, कोकणांत तें अजूनहि होतें. माघ-फाल्गुनांत ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या डहाळ्या कोयत्यानें उतरवावयाच्या. त्यांस कवळ म्हणतात. कवळ वाळत असतां बायका पातेरा झाडून आणतात, शेण वाळवून ठेवतात. मग ज्या लहानशा तुकड्यांत रोप करावयाचें त्यावर, म्हणजे दाढेवर, शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर पातेरा व गवत, आणि सर्वांवर बारीक मातीचें पांघरूण. विस्तव लावावयाचा तो वारा ज्या दिशेस जातो त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकते. मातीचें पांघरूण तिला भडकूं देत नाहीं. ही आग वणव्याच्या जातीची नव्हे. ती चुलीच्या जातीची आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे ती अशी कीं, दाढेचें क्षेत्र पुढें ज्या खाचरांत लावणी होणार त्यांच्या सुमारें एक दशांश असतें. नऊ भाग शेताला आग शिवतहि नाहीं.

मृगाच्या तोंडाशीं दाढेंत बी पडतें. तीन-साडेतीन आठवड्यांनीं रोप उपटून लावावयाचें, आणि तेवढ्या अवधींत मोठ्या खाचरांची उखळणी, बेरणी व चिखलणी उरकावयाची: भिजलेली जमीन एकदां नांगरानें उकलणें, तीच पुन्हां आडवी नांगरणें, आणि शेवटीं पाणी कोंडून चिखल करणें व गुटा फिरवून तो सारखा करणें. चिखल कां, असें पुण्या-मुंबईचा वाचक विचारील. जांभ्याची माती सच्छिद्र, पाणी तिच्यांत ठरत नाहीं. चिखलणीनें तिचे कण विस्कटून दाट बसतात आणि पाणी झिरपण्याचा वेग मंदावतो. म्हणजे राबानें मातीला अन्न मिळतें आणि चिखलणीनें तिला भांडें मिळतें, असें म्हटलें तरी चालेल. रोप उपटतांना मूळ तुटूं नये इतकी भुसभुशीत दाढ, आणि रोप लावल्यावर पाणी पळूं नये इतकें घट्ट खाचर: एकाच माणसाच्या शेतांत, एका बांधाच्या अलीकडे-पलीकडे, मातीचे हे दोन उलट गुण एका महिन्याच्या आंत निर्माण करावयाचे असतात.

आतां आमच्या कथांकडे पाहा. पहिला पाऊस पडतो, मातीचा वास सुटतो, आणि कथेचा नायक आनंदानें बियाणें घेऊन शेताकडे धांवतो. हा नायक कोकणांतला नव्हे. तो देशावरून, आणि तोहि बहुधा दुसऱ्या पुस्तकांतून, आलेला आहे. पहिल्या पावसाच्या दिवशीं कोकणांतल्या कुणब्यास मातीचा वास घेण्यास सवड नसते. त्याचें अर्धें वर्ष तेव्हां संपलेलें असतें, हातांवर कोयत्याचे ओरखडे वाळलेले असतात, आणि दाढ वेळेवर भाजून झाली कीं नाहीं यावर त्याचें पुढचें सारें ठरून गेलेलें असतें. पावसापूर्वींच कोरड्या धुळींत बी टाकण्याची धूळवाफेची रीतहि कोकणांत आहे. तिच्यांत तर पहिल्या पावसाचा दिवस हा पेरणीचाहि दिवस नव्हे. कथेंतला संघर्ष जेथें सुरू होतो असें लेखक समजतो, तेथें तो खरोखर अर्ध्यावर आलेला असतो.

हें सांगण्यास आमची भाषाच अपुरी आहे, असें कोणी म्हणेल, तर तें खरें नाहीं. शके १२१२ मध्यें पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय उघडावा. क्षेत्र म्हणजे काय, तें कोणाचें, या प्रश्नावर निरनिराळीं मतें मांडतांना ज्ञानेश्वरांनीं शेताचें रूपक घेतलें आहे, आणि तें किती खोलवर नेलें आहे हें पाहून थक्क व्हावयास होतें. इंद्रियांचे बैल आहेत, प्राण हा बलुत्यासारखा राबणारा आहे. एका मतांत रजोगुण पेरतो, सत्त्व राखण करतें व तम कापणी करतो. परंतु आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचे शब्द दोनच: 'वाफ' आणि 'राब'. विधीची वाफ साधली कीं सुखाचीं मापें, ती चुकवून कुकर्माचा राब केला कीं पापाचें पीक, असा तेथील आशय आहे. येथें वाफ म्हणजे पाण्याची वाफ नव्हे. जमीन ना फार ओली ना फार कोरडी अशी जी पेरणीची नेमकी वेळ, जिला आज आपण वापसा म्हणतों, ती. राब याचा अर्थ त्या ठिकाणीं मशागत असा घ्यावा कीं भाजणी असा घ्यावा, याविषयीं मतभेद होऊं शकेल. कोकणांतल्या वाचकास मात्र तो शब्द पाहतांच धुराचा वास येईल. (राबणें या क्रियापदाशीं त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, तो आवरून हा वाद आम्ही व्युत्पत्तिकारांवर सोपवितों.) पाप-पुण्यासारख्या सूक्ष्म विषयास समजावून देण्यासाठीं ज्या कवीनें पेरणी नव्हे तर पेरणीपूर्वींची जमिनीची स्थिति निवडली, त्या कवीस शेतांत निर्णय कोठें होतो हें अचूक ठाऊक होतें. पुढील काळांत बी आणि अंकुर यांच्या उपमा पुष्कळ झाल्या; वाफ मात्र मागें पडली. बीजाची उपमा घरांत बसून सुचते, वाफेची सुचत नाहीं.

गद्यांत या विषयाकडे प्रथम रोखून पाहिलें तें जोतीराव फुल्यांनीं. १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत डोंगरावरील पाला, गवत, मेलेले किडे-प्राणी हें सर्व कुजून पावसाबरोबर खालच्या शेतांत कसें येत असे, आणि जंगलखात्यानें डोंगर ताब्यांत घेतल्यावर तें कसें थांबलें, याचें त्यांनीं केलेलें विवेचन आजहि वाचण्यासारखें आहे. आणि वाहून जाणारी माती अडविण्यासाठीं ताली बांधाव्या, ही त्यांची सूचना तर पुढील काळाच्या मृदसंधारणाची नांदीच म्हणावी लागेल. त्यांच्या भाषेच्या प्रखरतेविषयीं टीकाकारांनीं भरपूर लिहिलें. तिच्यांतील कृषिज्ञानाविषयीं फार थोडें. आत्र्यांचें 'गाव-गाडा' (१९१५) हें पुस्तक कुणबी, बलुतेदार व वतनें यांचें अतुलनीय चित्र आहे, परंतु तें देशावरचें. आणि त्याचा विषय गांवाची घडी हा आहे, मातीची घडी हा नव्हे.

मराठी साहित्यिकांनीं जें केलें नाहीं तें कोणी केलें, हें सांगितल्यास वाचकांस थोडें लाजल्यासारखें होईल. जंगलखात्याच्या दृष्टीनें राब म्हणजे नासाडी. झाडाचा नुसता खांब उभा राहतो, फांद्या जळून जातात. हा अडाणीपणा बंद झाला पाहिजे, असा एक पक्ष होता. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील लोकांच्या जंगलविषयक तक्रारींचा विचार करण्यासाठीं १८८५ सालीं मुंबई सरकारनें कमिशन नेमलें, त्याच्यापुढें राब हा मोठा वादाचा विषय झाला. पुढें इंग्लंडांतील शेतकी रसायनज्ञ व्होएल्कर याला हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठीं धाडण्यांत आलें. १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालांत राबाचा विचार आहे, आणि तो उपहासानें नव्हे, रसायनज्ञाच्या गांभीर्यानें केलेला आहे. हिंदी शेतकरी मागासलेला आहे हा समज त्यानें एकंदरीनें नाकारलाच होता. त्यानंतर १९१२ सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील हॅरल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर यांच्यासह पश्चिम हिंदुस्थानांतील राबपद्धतीवर एक सविस्तर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. राखेंतून मिळणारें पोटॅश, चुना व स्फुरद हेंच सर्व कांहीं नव्हे. मातीस लागलेली धग हीहि स्वतंत्रपणें उपकारक होते, असा त्यांच्या शोधाचा रोख आहे. धगीनें तणाचें बी मरतें, माती भुसभुशीत होते, आणि तिच्यांत अडकलेलें नत्र रोपास घेतां येईल अशा रूपांत सुटें होतें. इंग्लंडांत रोथॅम्स्टेड येथें रसेल व हचिन्सन यांनीं १९०९ च्या सुमारास तापविलेल्या मातीवर केलेले प्रयोग जगभर गाजले. तोच व्यवहार अंजनवेलचा कुणबी दर उन्हाळ्यांत शेण, कवळ व पातेरा यांच्या मदतीनें करीत होता.

येथें एक गोष्ट आमच्या मनास विशेष लागते. राबावरील त्या निबंधाच्या तीन लेखकांपैकीं दोघे मराठी होते, आणि निबंध इंग्रजींत आहे. त्या काळीं शास्त्रीय लेखनाची भाषा तीच होती, तेव्हां त्यांस दोष देतां येत नाहीं. परंतु कवळ, दाढ, राब हे शब्द ज्यांच्या मातृभाषेचे, त्या वाचकांपर्यंत तो विचार ललित गद्याच्या वाटेनेंहि पोंचला नाहीं. परिणाम असा झाला कीं, 'कोकणांतला शेतकरी जंगल जाळतो' हें वाक्य सुशिक्षितांच्या बैठकींत अजूनहि बेधडक उच्चारलें जातें. दाढ हा शेताचा दहावा भाग आहे, आग मातीखालीं दबलेली असते, झाड मुळासकट तोडलें जात नाहीं, या गोष्टी एखाद्या बऱ्या कादंबरींत आल्या असत्या, तर तें वाक्य इतकें सोपें राहिलें नसतें. राबाचा दुसरा पक्ष नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. झाडें वर्षानुवर्षें ओरबाडलीं म्हणजे खुरटतात, डोंगर उघडा पडतो, पातेरा जाळला म्हणजे कुजून होणारें खत जातें आणि त्यांतलें नत्र धुराबरोबर निघून जातें. परंतु हा दोष दाखविण्याचा अधिकार ज्याला ती क्रिया आधीं नीट सांगतां येते त्याचा.

कोकणच्या कादंबरीचा विषय निघाला म्हणजे श्री. ना. पेंडसे यांचें नांव प्रथम येणारच. 'गारंबीचा बापू' (१९५२) पासून 'तुंबाडचे खोत' (१९८७) पर्यंत त्यांनीं जो प्रदेश उभा केला, त्याच्या जिवंतपणाबद्दल दुमत नाहीं. तुंबाडच्या कथेंतली जगबुडी पुढें वासिष्ठीस मिळते, म्हणजे तिचें पाणी अंजनवेलीवरूनच समुद्रास जातें. असें असूनहि त्या दोन मोठ्या खंडांत जमीन येते ती मुख्यतः हक्क म्हणून, घराण्याची मिजास म्हणून, ऱ्हासाची खूण म्हणून. तिच्यावर वांकून केलेलें काम म्हणून ती फार थोडी येते. पेंडशांची ही उणीव व्यक्तिगत नाहीं, आणि ती दाखवून त्यांचें मोठेपण कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. कोकणांत लेखणी ज्यांच्या घरीं होती त्या घरांनीं बहुधा खोताच्या ओटीवरून शेत पाहिलें. उत्पन्नाचा हिस्सा ओटीवर येतो; कवळ ओटीवर येत नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती रद्द करण्याचें बिल आणलें, आणि १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. पण कथेंतली नजर ओटीवरून खालीं उतरण्यास त्यापेक्षां पुष्कळ अधिक वेळ लागला. माती तयार करणाऱ्या हातानें स्वतःच रचना केली म्हणजे काय होतें, याचें प्रमाण पाहावयाचें असेल तर १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेकडे जावें लागतें, आणि ती खानदेशची. कोकणच्या दाढेची बहिणाबाई आम्हांस मिळाली नाहीं. ती झाली नसेल असें मात्र नाहीं. लावणीच्या वेळीं चिखलांत म्हटलीं जाणारीं गाणीं कोणी तरी रचलींच असतील. तीं उतरून घेणारा सोपानदेव तेथें नव्हता, इतकेंच.

अलीकडच्या काळाकडे वळलें तर हा प्रश्न आणखी निकडीचा होतो, कारण ज्या कामाबद्दल आपण बोलत आहों तेंच झपाट्यानें कमी होत आहे. अंजनवेल, वेलदूर, रानवी या परिसरांतील सड्यावर दाभोळचा वीजप्रकल्प आला. १९९३ चा वीजखरेदी करार, २००१ मध्यें बंद पडलेली यंत्रें, २००५ मध्यें निघालेली नवी कंपनी, यांवर जितका कागद खर्च झाला तितका रत्नागिरी जिल्ह्याच्या दुसऱ्या कोणत्याहि विषयावर क्वचितच झाला असेल. तो करार, दर, राजकारण यांबद्दलचा होता आणि असावयासहि पाहिजे होता. परंतु सड्याचें वर्णन करतांना 'ओसाड', 'पडीक' हे शब्द दोन्ही पक्षांच्या लेखणीस सारख्याच सहजतेनें येत, हें नजरेंत भरण्यासारखें आहे. ज्या सड्यावरून गवत येतें, ज्याच्या उतारावरचा पातेरा दाढेवर जातो, तो भातशेतीचा अर्धा भाग आहे. त्यास पडीक म्हणणें म्हणजे स्वयंपाकघराच्या शेजारच्या लांकडांच्या खोलीस अडगळ म्हणण्यासारखें आहे.

मुलें मुंबईस, बैल विकलेले, खाचरांत गवत. आणि सड्यावर आंब्याच्या कलमांच्या बागा. बागेचा मार्ग सोपा असें कोणास वाटेल, पण तेथेंहि तीच कथा आहे. कातळांत सुरुंग लावून खड्डा पाडावयाचा, दुसरीकडून माती आणून तो भरावयाचा, आणि मग कलम लावावयाचें. दाढेंत जें थरांनीं होई तें येथें पाट्यांनीं व डंपरनीं होतें, आणि आणलेली माती कोणत्या तरी दुसऱ्या उतारावरची असते. हापूसच्या पेटीवर जितकें ललित लेखन झालें आहे त्याच्या शतांशानेंहि त्या खड्ड्यावर झालेलें नाहीं.

मशागतीच्या शास्त्रांतहि एक मोठी उलथापालथ चालू आहे, आणि ती नाट्यपूर्ण आहे. चारसूत्री भातलागवडींत दाढेंत तुसाची राख मिसळण्यास सांगतात. म्हणजे आग गेली तरी राख परत आली. उलटपक्षीं, कर्जत तालुक्यांतील नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनीं प्रसृत केलेल्या सगुणा पद्धतींत नांगरणीच नाहीं, चिखलणी नाहीं, लावणीहि नाहीं; एकदां केलेले गादीवाफे कायम ठेवून मागील पिकाचीं मुळें जमिनींतच कुजूं द्यावयाचीं, त्या मुळांच्या पोकळ वाटांनीं हवापाणी खेळूं द्यावयाचें, आणि तण मारावयाचें तें औषधानें. त्या औषधाविषयीं शंका घेणारे आहेत व ती शंका अवाजवी नाहीं. पण ज्या शेतकऱ्यानें जन्मभर 'जितका चिखल चांगला तितकें भात चांगलें' असें मानलें, त्याला मुलानें येऊन सांगावें कीं, बाबा, यंदां जोत धरावयाचें नाहीं, ही घटना अनेक घरांत घडली आहे. बापाच्या बाजूस भरपूर सत्य आहे, मुलाच्या बाजूसहि आहे, आणि वाद कशाबद्दल, तर पायाखालच्या चिखलाबद्दल. आमच्या कादंबरीकारांस दोन पिढ्यांचा संघर्ष फार प्रिय आहे. प्रेमविवाह, देवधर्म, शहर, दारू या सर्वांवरून बाप-लेक भांडून झाले. उखळणी करावी कीं करूं नये यावरून भांडणारे बाप-लेक मात्र अद्याप कोणी लिहिलेले आमच्या पाहण्यांत नाहींत. ज्याला ते लिहावयाचे असतील त्यानें कथेचा आरंभ मृगापासून न करतां माघापासून करावा, आणि पहिल्या प्रकरणांत नांगराऐवजीं कोयता द्यावा.